मांत्रिकांच्या भांडणाचा कायदा

दोन मांत्रिक समोरासमोर ठाकले की खेळाच्या टेबलावर नेमके काय करायचे, हा प्रश्न रोलप्लेइंग खेळांच्या जन्माच्याही आधीचा आहे. १९७१ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाचे नियमपुस्तक काढले. छोट्या बाहुल्या टेबलावर मांडून मध्ययुगीन सैन्ये लढवायची, असा तो खेळ. त्याच्या शेवटी काल्पनिक लढायांसाठी एक भाग जोडलेला होता आणि मांत्रिक त्या दाराने आत आले. पण आले ते तोफखाना होऊन. आगीचा गोळा फेकायचा, वीज पाडायची, समोरची पलटण भाजून काढायची, एवढेच त्यांचे काम. समोर दुसरा मांत्रिक उभा असला तर त्याचा मंत्र उलटवण्याची सोय होती. दोन फासे टाकायचे. बलवान मांत्रिकाला सात किंवा त्याहून जास्त पडले तर प्रतिमंत्र लागू, दुबळ्याला आठ लागत. थोर मांत्रिक आणि किरकोळ मांत्रिक यांच्यात एका ठिपक्याचे अंतर ठेवून विषय संपला. पुढची पंधरा-सोळा वर्षे या प्रश्नाकडे बहुतेकांनी असेच पाहिले: कोणाचा मंत्र भारी, कोण आधी टाकतो, कोण टिकतो. मग १९८७ साली ‘आर्स मॅजिका’ हा रोलप्लेइंग खेळ आला आणि त्याने प्रश्नच बदलला. दोघांनी लढावे का, कशासाठी लढावे, लढाई कुठे थांबवायची आणि थांबल्यावर दोघांनी एका छपराखाली कसे राहायचे, हे त्याने विचारले. मांत्रिकांचे भांडण हा या खेळाने जोराचा विषय न ठेवता कायद्याचा विषय केला, असे माझे म्हणणे आहे. आणि तो कायदा वातावरणनिर्मितीसाठी चिकटवलेला नव्हता. तो काढून घेतला असता तर खेळाची इमारतच उभी राहिली नसती.

जोराच्या बाजूनेही या काळात चांगले काम झाले, हे आधी मान्य केले पाहिजे. १९७७ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड बार्टल यांनी ‘वेव्हिंग हँड्स’ हा कागद-पेन्सिलीचा खेळ रचला. (पुढच्याच वर्षी एसेक्स विद्यापीठात ‘मड’ या संगणकावरच्या बहुखेळाडू जगाची सुरुवात झाली, त्याचे एक जनक हेच बार्टल.) त्यात फासे नाहीतच. प्रत्येक खेळाडूने दर फेरीला आपल्या दोन्ही हातांची एकेक खूण गुपचूप लिहायची: बोटे हलवली, तळवा पुढे केला, चुटकी वाजवली, हात फिरवला, बोट रोखले, टाळी दिली. मग दोघांनी एकदमच कागद उघडायचे. एकट्या तळव्याने ढाल मिळते. चुटकी आणि मागोमाग रोखलेले बोट, की क्षेपणास्त्र सुटते. प्राणघातक मंत्राला मात्र आठ खुणांची साखळी लागते, आणि ती पुरी होईपर्यंत समोरचा तिची सुरुवात ओळखून तोडगा काढू शकतो. डावा हात एक मंत्र विणत असतो, उजवा दुसरा, आणि प्रतिस्पर्धी दोन्ही धागे वाचत असतो. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती शेवटची तरतूद: दोन्ही तळवे एकदम पुढे केले की ती शरणागती. एरवी ढाल देणारी खूण दोन्ही हातांनी केली की लढाई संपते. म्हणजे थांबण्याचा मार्ग निदान एका रचनाकाराला सुचला होता. १९७८ साली स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘विझर्ड’ या छोट्या खेळाने आणखी एक गोष्ट आणली. मंत्र टाकला की मांत्रिकाची स्वतःचीच ताकद खर्ची पडते, म्हणून जास्त जोर लावणारा स्वतःलाच पोखरतो. हे दोन्ही विचार पुढे उपयोगी पडले. पण दोन्ही खेळांत मांत्रिक भेटतात ते फक्त लढायला. त्यांना घर नाही, शेजार नाही, उद्याचा दिवस नाही.

‘आर्स मॅजिका’ जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी रचला आणि मिनेसोटात सुरू झालेल्या ‘लायन रॅम्पंट’ या त्यांच्या छोट्या प्रकाशनाने तो काढला. पुढे तो ‘व्हाइट वुल्फ’कडे गेला, १९९६ साली ‘अ‍ॅटलास गेम्स’ची चौथी आवृत्ती आली आणि २००४ साली पाचवी. खेळ घडतो मध्ययुगीन युरोपात. पाचव्या आवृत्तीत साधारण १२२० साली. तो युरोप इतिहासातलाच आहे, फक्त त्या काळच्या लोकांचा ज्यावर विश्वास होता ते सगळे तिथे खरे आहे. मांत्रिक ‘ऑर्डर ऑफ हर्मीस’ या संघाचे सभासद असतात. संघाची स्थापना ७६७ सालची, संस्थापक घराणी बारा. चार-सहा मांत्रिक मिळून एखाद्या गढीत किंवा जंगलातल्या मनोऱ्यात मठासारखे एकत्र राहतात. खेळाचा काळ मोजला जातो ऋतूंनी. वर्षाचे चार ऋतू, आणि एका ऋतूत एकच मोठे काम: एक ग्रंथ वाचणे, एक मंत्र शोधून काढणे, शिष्याला शिकवणे. अशी वीस-तीस वर्षे एकेका मोहिमेत सहज जातात. या सगळ्याला लागणारे इंधन म्हणजे ‘व्हिस’, जादूचा कच्चा माल. तो मिळतो एखाद्या झऱ्यात, एखाद्या टेकडीवरच्या फुलांत, ठरावीक ऋतूला आणि मोजकाच. आता एक झरा आणि तीन मांत्रिक म्हटल्यावर काय होणार, हे ज्याने पाण्यावरून आणि बांधावरून पेटलेली भाऊबंदकी पाहिली आहे त्याला सांगायला नको. शिवाय हे मांत्रिक बहुधा एकाच टेबलावर बसलेल्या मित्रांची पात्रे असतात. इथे एकाने दुसऱ्याला जाळून टाकणे म्हणजे दोन वर्षे दर शनिवारी जमवलेला खेळ एका संध्याकाळी मोडणे. भांडणाला जागा हवी, पण त्याने घर जळता कामा नये. या गरजेतून ‘सर्टामेन’ जन्माला आले, असे मी मानतो.

लॅटिनमध्ये सर्टामेन म्हणजे चुरस, स्पर्धा. या खेळात ते मांत्रिकांचे औपचारिक द्वंद्व आहे. हर्मीसच्या संघाची जादू पंधरा कलांवर उभी आहे: पाच क्रिया (घडवणे, जाणणे, बदलणे, नासवणे, ताब्यात ठेवणे) आणि दहा विषय (अग्नी, जल, देह, मन, वनस्पती वगैरे). द्वंद्व सुरू होण्याआधी एक क्रिया आणि एक विषय मुक्रर होतो आणि त्या निवडीत दोन्ही बाजूंचा हात असतो. म्हणजे मुद्दा काय, हे आधी ठरवून शास्त्रार्थाला बसल्यासारखेच. पाचव्या आवृत्तीत त्याचे गणित असे. चपळाई आणि मंत्रावरची हुकमत यांत फासा मिळवून पहिला वार कोणाचा ते ठरते. हल्ल्यात व्यक्तिमत्त्वाचा दरारा आणि ठरलेली क्रिया, बचावात निरीक्षण आणि ठरलेला विषय. हल्ला वरचढ ठरला तर त्या फरकात बुद्धी आणि मंत्राची भेदकता मिळवायची. ती बेरीज समोरच्याची सहनशक्ती आणि त्याचे ‘पार्मा मॅजिका’ हे संरक्षण यांच्या बेरजेवर आदळते, आणि जे उरते तेवढा तो थकतो. फक्त थकतो. रक्त येत नाही, हाड मोडत नाही. तो धापा टाकतो, मग शिणतो, मग दमतो, मग भोवळतो आणि शेवटी बेशुद्ध पडतो. मध्ये कुठेही हार मानायला मोकळा असतो. या खेळातला थकवा मिनिटांच्या आणि तासांच्या विश्रांतीने उतरतो. जखमेची गोष्ट वेगळी. हलकी जखम आठवड्याच्या हिशेबाने बरी होते, मध्यम जखम महिन्याच्या आणि गंभीर जखम एका ऋतूच्या. हे दोन तक्ते शेजारी ठेवून पाहिले की सर्टामेनचा अर्थ उलगडतो. ज्या जगात ऋतू हेच चलन आहे तिथे जखमेची किंमत एक ग्रंथ किंवा एक मंत्र असते आणि सर्टामेनमधल्या पराभवाची किंमत एक दुपार. भांडण स्वस्त करून दिले की लोक ते स्वस्तात उरकतात. रचनाकारांनी उपदेश केला नाही, दर ठरवले. आवृत्तीगणिक बेरजा-वजाबाक्या बदलल्या, पण हा सांगाडा टिकला.

सर्टामेनच्या वर मोठा कायदा आहे. संघात येताना प्रत्येक मांत्रिक शपथ घेतो: दुसऱ्याची जादू हिरावणार नाही, त्याला मारणार नाही, त्याच्यावर मंत्राने पाळत ठेवणार नाही, सैतानाशी व्यवहार करणार नाही, संघावर संकट ओढवेल असे काही करणार नाही. तेरा प्रांत आहेत आणि प्रत्येकाची सभा, म्हणजे ट्रायब्युनल, सात वर्षांनी भरते. सर्वांची महासभा ३३ वर्षांनी. चौकशीसाठी ‘क्वेसिटोर’ नावाचे तपासनीस आहेत. आणि या कायद्यात एक भयंकर दार मुद्दाम उघडे ठेवले आहे: जाहीर केलेले मांत्रिकयुद्ध. एका मांत्रिकाने दुसऱ्याला रीतसर पत्र पाठवायचे. पत्रानंतरची पौर्णिमा उगवली की युद्ध सुरू, त्यापुढची पौर्णिमा उगवली की बंद. त्या एका चांद्रमासापुरते ते दोघे एकमेकांच्या बाबतीत कायद्याच्या कक्षेबाहेर जातात. इतर सर्वांच्या बाबतीत मात्र ते बांधलेलेच राहतात. पहिल्यांदा वाचताना हा नियम कथाकाराच्या कल्पनेतून आलेला वाटतो, पण त्याच्या मागे खराखुरा युरोप उभा आहे. जर्मन प्रदेशांत सरदारांमधले वैर ही शतकानुशतके कायदेशीर रीत होती, आणि तिची मुख्य अट होती आगाऊ लेखी सूचना. पत्र न देता चालून गेलेला माणूस दरोडेखोर. पत्र देऊन गेला तर वैरी. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या काळातच सूचनेनंतर तीन दिवस थांबण्याचा नियम झाला आणि १३५६ च्या सुवर्ण-सनदेने तो पुन्हा बजावला. त्याआधी चर्चने ‘देवाचा युद्धविराम’ म्हणून बुधवारच्या संध्याकाळपासून सोमवारच्या सकाळपर्यंत शस्त्रे खाली ठेवायला सांगितले होते. हिंसा बंद करण्याइतकी ताकद कोणाकडेच नव्हती, म्हणून हिंसेला दिनदर्शिका लावली. १४९५ साली राजा मॅक्सिमिलियनने वैराचा हक्कच रद्द केला, तोही त्यासोबत साम्राज्याचे न्यायालय उभे केले तेव्हा. ऑर्डर ऑफ हर्मीसकडे सैन्य नाही, तुरुंग नाही आणि सभासद मात्र डोंगर फोडू शकतात. अशा संघाने पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंतचा नियम करावा, हे त्या इतिहासाशी घट्ट जुळते. रचनाकारांच्या टेबलावर नेमकी कोणती सनद उघडी होती, असा दावा मी करत नाही. मला दिसते ते इतकेच, की त्यांनी स्वतःला जी अडचण घातली ती मध्ययुगाचीच होती, म्हणून उत्तरही तसेच निघाले. १२२० या सालालाही अर्थ आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना तप्त लोखंडाच्या आणि पाण्याच्या दिव्यांना, म्हणजे देवाच्या नावाने घेतलेल्या परीक्षांना, आशीर्वाद देण्याची मनाई केली आणि द्वंद्वाविरुद्धचे जुने निर्बंध कायम ठेवले. ‘देव खऱ्याला जिंकवतो’ या समजुतीवर चाललेला न्याय डळमळू लागला होता. द्वंद्वाने वाद मिटवणारा मांत्रिकांचा संघ नेमक्या त्या वेळी दाखवला की एक जुनी पद्धत तिच्या कडेलोटाच्या क्षणी हातात धरून पाहता येते.

आता आक्षेप. पहिला असा, की ‘आर्स मॅजिका’च्या नऊ वर्षे आधी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये औपचारिक द्वंद्व होतेच. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ड्रुइड या निसर्गपूजक मांत्रिकांची उतरंड दिली आहे. वरच्या पायऱ्यांवरच्या जागा मोजून ठेवलेल्या, सर्वांत वर महाड्रुइड एकच. नुसत्या अनुभवाने तिथे पोचता येत नाही. वरच्याला आव्हान देऊन हरवावे लागते आणि हरणारा खाली घसरतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्या नियमाचे श्रेय त्या खेळाला दिलेच पाहिजे. पण नीट पाहिले तर तिथे वाद नाहीच, रिकामी करून घ्यायची खुर्ची आहे. झरा कोणाचा, शिष्य कोणाचा, कोणाच्या आगाऊपणामुळे गावकरी गढीवर चालून आले, हे ड्रुइडांच्या द्वंद्वाने ठरत नाही. तिथे पंच नाहीत, सभा नाही आणि दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी काय करायचे याबद्दल एक ओळ नाही. बढतीची परीक्षा आणि तंट्याचा निवाडा या दोन वेगळ्या संस्था आहेत.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. द्वंद्वाने निवाडा म्हणजे शेवटी बळी तो कान पिळी. मग हा कायदा कसला? साठ वर्षांच्या मांत्रिकाने नवख्याला आव्हान द्यायचे आणि त्याचा झरा घेऊन जायचे, याला सर्टामेनचा मुलामा दिला म्हणून न्याय होत नाही. यात तथ्य आहे आणि खेळाने ते लपवलेले नाही. सर्टामेन पुढे आणले ट्रेमेअर घराण्याने, आणि त्यात सर्वांत तयारीचेही तेच. त्या घराण्यात शिष्य मांत्रिक झाला तरी सभेत मत द्यायचे त्याचे ‘सिजिल’, म्हणजे मुद्रा, गुरूच्या हातात राहते. गुरूला सर्टामेनमध्ये हरवले की ती परत मिळते, तोवर त्याचे मत गुरूच देतो. एका घराण्याने द्वंद्वाच्या जोरावर मतांचे गाठोडे बांधले, ही न्यायाची पद्धत सत्तेचे साधन कशी बनते याची अचूक नोंद आहे. तरीही आक्षेप पुरता लागू पडत नाही. सर्टामेन हा संघाच्या कायद्याखालचा रिवाज आहे. शपथ मोडल्याचा गुन्हा द्वंद्व जिंकून धुतला जात नाही, तो सभेपुढे जातोच. क्रिया आणि विषय ठरलेले असल्याने ज्येष्ठाच्या पंधरा कलांपैकी दोनच मैदानात उतरतात. अग्नीत निष्णात असलेला म्हातारा वनस्पतीच्या विषयात पोरासमोर धापा टाकताना दिसणे अगदी शक्य आहे. आणि मुख्य म्हणजे तुलना कशाशी करायची? या जगात बळाऐवजी निर्मळ न्याय मिळेल असा पर्याय उपलब्ध नाही. पर्याय आहे तो रात्री छप्पर उडवून देण्याचा. नवख्याने झरा गमावला तरी पुढच्या ऋतूत तो जिवंत आहे, त्याची तक्रार जिवंत आहे आणि सात वर्षांच्या आत एक सभा आहे.

तिसरा आक्षेप खेळाडूंच्या बाजूचा आहे: हे सगळे रुक्ष आहे. जो मांत्रिक समुद्र दुभंगू शकतो त्याने प्रतिस्पर्ध्यासमोर दोन बेरजा कराव्यात, यात जादूचा जीव जातो. ‘वेव्हिंग हँड्स’मधले वाचणे आणि फसवणे इथे नाही, हेही खरे. टेबलावर सर्टामेन कोरडे होऊ शकते, विशेषतः दोघेही नुसते आकडे पुकारू लागले तर. पण थरार हा नियम देतोच असे नाही, पणाला काय लागले आहे त्यातून तो येतो. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ आला. त्यातला प्रत्येक डाव म्हणजे दोन मांत्रिकांचे द्वंद्वच, आणि केवळ लढत म्हणून पाहिले तर त्याच्याइतके खोल द्वंद्व क्वचितच रचले गेले. पण सुरुवातीच्या नियमांत दोघांनी आपापल्या गठ्ठ्यातला एकेक पत्ता पणाला लावायचा होता. जिंकणाऱ्याने दोन्ही ठेवायचे. ही प्रथा टिकली नाही. विकत घेतलेला खराखुरा पत्ता खऱ्या मित्राच्या खिशात जाणे लोकांना सोसले नाही आणि पणाशी जोडलेले पत्ते स्पर्धांतून बाहेर काढले गेले. ‘आर्स मॅजिका’ने पण ठेवला तो गोष्टीच्या आत. झरा जातो, शिष्य जातो, सभेत शब्दाला वजन राहत नाही. खेळाडूच्या खिशातले काहीच जात नाही. त्यामुळे हरण्याला अर्थ आला आणि हरलेला खेळाडू पुढच्या शनिवारी परत आला. ज्या द्वंद्वानंतर काहीच घडत नाही त्याचे नियम कितीही चतुर करता येतात. ज्याच्यानंतर वीस वर्षे घडायची आहेत त्याचे नियम साधेच लागतात, कारण खरी चुरस त्या वीस वर्षांत असते.

कायदा तुटला तर काय होते, हेही या खेळाने आपल्या कल्पित इतिहासात लिहून ठेवले आहे. १००३ साली संघात उभी फूट पडली. जाहीर युद्धांची पत्रे एकमेकांवर आदळू लागली, एकाचे वैर दुसऱ्याने उचलले, आणि १०१२ मध्ये सगळे शांत झाले तेव्हा बारा संस्थापक घराण्यांपैकी डीडने घराणे नामशेष झाले होते. १२२० साली खेळ सुरू होतो तेव्हा या घटनेला दोनशे वर्षे लोटलेली असतात, पण सभेत कोणी डीडनेचे नाव काढले तर अजून माना वळतात. एकेक पत्र नियमाप्रमाणे देऊनही सगळे मिळून वणवा पेटतो, ही जाण त्या नऊ वर्षांच्या कथेत आहे. बार्बारोसाच्या वारसांनाही ती आली होती, म्हणून तर तीन दिवसांच्या नोटिशीपासून वैराच्या संपूर्ण मनाईपर्यंत तीनशे वर्षे चालावे लागले. संघ तिथवर पोचलेला नाही. दार उघडेच आहे, आणि त्या दारातून पत्र घेऊन येतो तो लाल टोपीवाला. मर्सेर घराण्याचे हे निरोपे. त्यांच्यातल्या बहुतेकांना स्वतःला जादू येत नाही, तरी त्यांना संघाचे पूर्ण सभासद मानले जाते. पुस्तके, गप्पा, सभेच्या तारखा आणि एखाद्या वर्षी कोणाच्या मरणाची नोटीस, सगळे एकाच पिशवीत. गढीच्या फाटकात तो थांबतो, त्याला भाकरी आणि झोपायला जागा दिली जाते, आणि त्याच्या केसालाही कोणी धक्का लावत नाही, कारण पुढच्या गढीत त्याची वाट पाहणारे आहेत.